वळिवड्याच्या छावणीतली मुलं

युद्धाने मुलांचं बालपण हिरावलं असं म्हणताना आपल्याला बॉम्ब आणि पडकी घरं आठवतात. सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व पोलंडमधल्या हजारो मुलांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी त्यांची कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. तिथे भूक होती, कडाका होता, टायफस होता. घरातली मोठी माणसं खचत गेली आणि पोरांवर भावंडं सांभाळायची, अन्न मिळवायची वेळ आली. निरागसपणा जातो तो मला वाटतं इथे. मरण पाहिल्याने मूल हादरतं खरं, पण आपल्याला सांभाळणारं कुणी उरलं नाही हे कळलं की ते अकाली प्रौढ होतं. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधल्या युद्धकालीन बालगृहांत हेच नोंदवलं: आई जवळ असली तर मुलं हवाई हल्लेही बऱ्यापैकी सोसत, तिच्यापासून तोडलं की कोलमडत.

मुलं लवचीक असतात, विसरतात, असं यावर कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे, कारण विसरायलाही आधार लागतो. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सैबेरिया-कझाकस्तानात नेलेल्यांपैकी बरीच माणसं इराणमार्गे बाहेर पडली. जामनगरचे संस्थानिक जामसाहेब यांनी बालाचडीला सुमारे हजार मुलांना आसरा दिला, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुतेक बायका-मुलंच होती. तिथे पोलिश भाषेतल्या शाळा चालल्या, चर्च उभं राहिलं, स्काउट पथकं निघाली. पोट भरल्यावर सवडीने करायच्या या गोष्टी नव्हेत. गृहपाठ तपासणारी बाई रोज वर्गात येते, यातूनच मुलाला पुन्हा कळतं की आपली जबाबदारी कुणीतरी घेतली आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: गेलेलं बालपण शाळेने परत येतं का? नाही येत. कित्येकांचे वडील परतले नाहीत, आणि १९४५ नंतर त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली. छावणीने मुलांना मोठ्यांवर विसंबायची सवय परत दिली, घर दिलं नाही. त्या घराचा निकाल दोस्त राष्ट्रांच्या याल्टा परिषदेच्या टेबलावर लागला होता. १९४८ मध्ये वळिवड्याची छावणी बंद झाली, तेव्हा त्यांतले बरेच जण पोलंडला न जाता ब्रिटनला गेले.