होम केअर एजन्सी काढताय? मग रात्री ११ वाजता निर्णय कोण घेणार?

होम केअरच्या व्हिडिओत आपण भांडवल, रेट आणि माणसं कशी मिळवायची हे बघितलं. एक गोष्ट राहिली, आणि खरं तर तीच आधी यायला हवी होती. एजन्सीत शेवटचा शब्द कोणाचा?

समजा, तुमची मावशी एका आजोबांकडे रात्रपाळीला आहे. ११ वाजता आजोबांना धाप लागते. मुलगा परदेशात. मावशी तुम्हाला फोन लावते, तुम्ही लग्नात, फोन लागत नाही. माझ्या दुकानात मी नसलो तर फार तर एखादं गिऱ्हाईक परत जातं. इथे माणूस जाऊ शकतो.

अमेरिकेत मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या होम हेल्थ एजन्सीला हे असं मोकळं सोडता येत नाही. २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तिथे एक नियामक मंडळ लागतं. कारभार, सेवा, बजेट, गुणवत्ता, सगळ्याची कायदेशीर जबाबदारी त्या मंडळाची. मंडळ प्रशासक नेमतं आणि तो मंडळाला उत्तर देतो. तो हजर नसेल तेव्हा त्याच्या जागी कोण, हे आधीच लेखी ठरलेलं असावं लागतं. शिवाय पेशंटच्या सेवेवर देखरेखीला क्लिनिकल मॅनेजर असतो, आणि तो नर्स किंवा डॉक्टरसारखा परवानाधारकच लागतो. मालकाचा मेव्हणा चालत नाही!

आपल्याकडे काय? १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पेशंट ठेवण्याच्या जागेसाठी आहे. तुम्ही तर माणूस पेशंटच्या घरी पाठवताय. म्हणून बरेच जण खुशाल म्हणतात, "आपल्याला कायदाच लागू नाही." तसं नाहीये. इंजेक्शन, कॅथेटर, सक्शन ही कामं मावशीची नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली नर्सच हवी, आणि ती नोंदणी चालू आहे का हे तपासायचं काम तुमचं.

दुसरं म्हणजे २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. यावर मी मुद्दाम जास्त बोलतोय, कारण आपल्या धंद्यात बहुतेक बायकाच परक्या घरात एकट्या काम करतात. या कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलंय. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लेखी आदेशाने अंतर्गत समिती नेमायची. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता मावशींना पहिल्याच दिवशी द्या. "पेशंटचे नातेवाईक जुने गिऱ्हाईक आहेत, जाऊ दे," असं तुम्ही म्हणालात तर दुसऱ्या दिवशी ती मावशी येणार नाही. आणि तिचं बरोबरच असेल.

भागीदारीत करणार असाल तर फर्म नोंदवा. नोंदणी नसलेली फर्म थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकावर कोर्टात दावा लावू शकत नाही.

मंडळ वगैरे मोठं वाटत असेल तर एका कागदावर सुरू करा. पैशाचा निर्णय कोणाचा, पेशंटबद्दलचा कोणाचा, तो नसेल तर कोणाचा. खाली सगळ्यांच्या सह्या. पहिल्या पेशंटच्या फाइलवर दोन नावं, दोन नंबर, आणि खाली १०८. आणि मावशीला स्पष्ट सांगा, दोन्ही फोन लागले नाहीत तर कोणाला न विचारता १०८ लाव.