लॅपटॉप एक, मागण्या दोन

मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, सर, गेम खेळायचेत, प्रोग्रामिंगही करायचंय, लॅपटॉप एकच. लिनक्स कोणतं घेऊ? आपण आधी प्रश्न नीट मांडू. गेमना ताजा कर्नल नि ताजे ग्राफिक्स ड्रायव्हर हवेत. कामाला मात्र कालच्यासारखंच चालणारं यंत्र. डेबियन स्टेबलची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आर्च सतत बदलतं. आम्ही फेडोरा सुचवू. आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, कर्नल मधेही ताजा होतो. आणि कामाची साधनं कंटेनरमध्ये वेगळी ठेवली की त्यांना धक्का लागत नाही. २०१८ पासून व्हॉल्व्हचा प्रोटॉन आहे, दुभाष्याच म्हणा ना! त्यामुळे विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट मात्र नाही. त्याची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते. तोच खेळायचा असेल, तर विंडोज पुसू नका.