कानाचं दुकान की कानाचा दवाखाना?

बीएएसएलपीच्या इंटर्नशिपमध्ये डबा खाताना हमखास निघणारा विषय म्हणजे स्वतःचं क्लिनिक. कोणाचा लातूरला गाळा ठरलेला असतो, कोणाच्या मामांची चिपळूणला खोली रिकामी असते. बेत वाईट नाही. ऐकण्याची नीट तपासणी करणाऱ्या सोयी आजही मोठ्या शहरांभोवतीच दाटल्या आहेत. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्याच देशात ५० लाखांच्या वर होती. अपंगत्वाच्या रकान्यात कधीच न येणारे, पण टीव्हीचा आवाज घरादाराला नको होईल इतका वाढवणारे आजी-आजोबा वेगळेच. काम भरपूर आहे. अडचण आहे ती त्या बेतामागच्या समजुतींची. या समजुती सिनिअर्सकडून, कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून आणि अर्धवट ऐकलेल्या यशोगाथांमधून आलेल्या असतात.

गैरसमज : ऑडिओलॉजिस्टला ईएनटी डॉक्टरांच्या हाताखालीच काम करावं लागतं.

लागत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. त्यानुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला सीआरआर म्हणतो त्यात, नाव असलेल्या व्यावसायिकाला भारतात कुठेही व्यवसाय करता येतो. नोंदणी नसताना व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, कैदेचा वाचून येऊ नये. म्हणजे इंटर्नशिप चालू असताना काकांच्या मेडिकल दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी ‘तपासण्या’ करणं हा उद्योजकपणा नव्हे, तो गुन्हा आहे.

स्वतंत्र म्हणजे एकटं, असंही नाही. औषध लिहून देणं आपलं काम नाही, पीएचडी नसताना पाटीवर ‘डॉ.’ लावणं तर नाहीच. कानातून पू येतोय, दुखतंय, चक्कर येतेय किंवा एकाच कानाचं ऐकणं कमी झालंय, असा माणूस आला की तो ईएनटीकडे गेलाच पाहिजे. दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर त्याच दिवशी. अशा बहिरेपणात स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. पहिले दोन आठवडे हातचे गेले की शक्यता घटत जाते. अशा माणसाला मशीनची ट्रायल देत बसणारा ऑडिओलॉजिस्ट त्याचं कायमचं नुकसान करतो. तेव्हा गाळा बघायच्या आधी गावातल्या दोन ईएनटी डॉक्टरांना भेटा. हाताखाली काम मागायला नव्हे. रुग्ण कसा पाठवायचा आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं, ते ठरवायला.

याच भेटीत कदाचित ‘कट’चा विषय निघेल. सगळेच देतात, दिल्याशिवाय पेशंट येत नाही, हा आणखी एक पक्का समज. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला होता, पुढे तो बारगळला. कायद्याचं सोडा, हिशेब बघा. कटाची रक्कम मशीनच्या किमतीतूनच निघते, म्हणजे ती शेवटी ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खिशातून जाते. आणि ज्याचा पेशंट कटावर येतो, त्याला कमी किमतीचं मशीन सुचवणं परवडत नाही. स्वातंत्र्य पहिल्याच महिन्यात गहाण पडतं.

गैरसमज : तपासणी फुकट ठेवायची, पैसे मशीनमध्ये निघतात.

या एका समजुतीने जितकी नवी क्लिनिकं बसली, तितकी भाड्याने बसली नसतील. थोडं गणित करू. आकडे समजुतीपुरते आहेत, स्वतःच्या गावचे घालून बघा.

समजा, भाडं, मदतनीस, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ६० हजार जातात. स्वतःचा पगार ३५ हजार धरला (तो धरायचाच असतो, बहुतेक आराखड्यांत तो नसतोच), तर गरज ९५ हजारांची. एका मशीनमागे सरासरी आठ हजार सुटत असतील, तर महिन्याला बारा मशीनं विकली पाहिजेत. तपासायला आलेल्या चारांपैकी एक जण घेतो असं मानलं, तर दर महिन्याला ४८ नवी माणसं हवीत. नव्या क्लिनिकला पहिल्या वर्षी ती कुठून येणार?

समजा, आली. मग दुसरी गोष्ट सुरू होते. मशीन घेतलेला माणूस परत येतो, यायलाच हवा. मशीन म्हणजे चष्मा नव्हे, की घातला आणि दिसायला लागलं. कित्येक वर्षं अर्धवट ऐकलेल्या मेंदूवर पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर एकदम आदळते. प्रोग्रॅमिंग दोन-तीनदा बदलावं लागतं, मोल्ड टोचतो, नळीत मळ अडकतो. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रतेने मशीनं बंद पडायला लागतात आणि सिलिका जेलची डबी कशी वापरायची, ते तिसऱ्यांदा सांगावं लागतं. वर्षात १४४ मशीनं विकली आणि प्रत्येक जण वर्षातून चारदा आला, तर त्या ५७६ भेटी झाल्या. सगळ्या फुकट. दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. मग क्लिनिकवाला नकळत जुने पेशंट टाळायला लागतो, मशीन घरच्या कपाटात जाऊन पडतं आणि गावभर होतं, की कानाच्या मशीनचा काही उपयोग नसतो.

उलट मांडणी करून बघा. तपासणीचे ४०० रुपये आणि दिवसाला तीन तपासण्या, २५ दिवसांचे झाले ३० हजार. दिवसाला स्पीच थेरपीची पाच सत्रं, तीही ४०० रुपयांना, म्हणजे ५० हजार. उरले १५ हजार. ते दोन मशीनांत निघतात. पहिल्या महिन्यापासून पाच सत्रं भरणार नाहीत, हे खरं. पण थेरपीला येणारं मूल आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने येतं. त्याला साठा लागत नाही, साउंड बूथ लागत नाही. आपल्या पदवीत ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषा उपचार दोन्ही आहेत, पण स्वप्न बघताना बऱ्याच जणांना निम्मी पदवीच आठवते. हे माझं ठाम मत आहे: तालुक्याच्या गावी पहिली दोन वर्षं तारून नेणारी गोष्ट थेरपी आहे, मशीन नाही.

मशीनची किंमत आणि सेवेची किंमत बिलावर वेगवेगळी लिहा. लोक कुरकुर करतात, मग समजतात. वर्षभराच्या भेटींचे पैसे कशाचे, हे कागदावर दिसलं की माणूस त्या भेटींना येतोही.

तिसरी वाट बहुतेकांच्या ध्यानातच नसते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांतली मर्यादा, आणि गोंगाटाच्या कामावरच्या कामगारांच्या कानांची वेळोवेळी तपासणी अपेक्षित आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या आसपास क्लिनिक काढणाऱ्याने एमआयडीसीतले कारखाने आराखड्यात धरले नाहीत, तर नवल.

गैरसमज : मोक्याच्या जागेवर एसी गाळा मिळाला, की झालं.

मोक्याची जागा म्हणजे रहदारी आणि रहदारी म्हणजे खालच्या स्वरांचा आवाज. आपण २५०पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत तपासतो. बस, जनरेटर, लिफ्टची मोटर आणि खुद्द एसी यांची घरघर नेमकी २५० आणि ५०० हर्ट्‌झच्या आसपास बसते. अशा खोलीत हलका सूर ऐकू येत नाही तो कानामुळे नव्हे, खोलीमुळे. पण ऑडिओग्रामवर उमटतो तो बहिरेपणा म्हणून. हाडावाटे होणाऱ्या तपासणीत तर कान उघडेच असतात, तिथे गोंधळ आणखी वाढतो. भिंतीला फोम चिकटवला की खोली साउंडप्रूफ होते, ही तर गोड समजूत. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. तो अडवायला वजनदार भिंती आणि फटी नसलेला दरवाजा लागतो.

म्हणून जागा बघायला जाताना आवाज मोजायचं यंत्र घेऊन जा, आणि तेही संध्याकाळी सहाला, रविवारी सकाळी नव्हे. आतल्या गल्लीतली, मागच्या अंगाची खोली बहुतेक वेळा स्वस्तही असते आणि शांतही. फक्त तळमजल्यावर हवी. सत्तरीच्या माणसाला दोन जिने चढायला लावून ‘ज्येष्ठांसाठी सवलत’ असा फलक लावण्यात अर्थ नाही.

आणि कॅलिब्रेशन. ऑडिओमीटर वर्षातून एकदा कॅलिब्रेट होणार, हा खर्च आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहा. सेकंडहँड ऑडिओमीटर घ्यायला हरकत नाही. पण त्याच्यासोबत आलेले हेडफोन त्याच यंत्रावर कॅलिब्रेट केलेले आहेत का, ते विचारा. दुसऱ्या यंत्राचे हेडफोन जोडले, की पडद्यावरचा आकडा आणि कानातला आवाज यांचा संबंध तुटतो.

गैरसमज : कंपनी बूथ आणि मशीन देते, तर स्वतःचे पैसे कशाला घाला?

जगातली बहुतेक हिअरिंग एड पाच गटांकडून येतात: सोनोव्हा, डिमांट, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, जीएन आणि स्टार्की. दुकानात दिसणारी दहा नावं म्हणजे बऱ्याचदा याच पाचांची पिलावळ. त्यांच्यापैकी कोणी बूथ उभारून देत असेल, तर करारात ठरावीक विक्री किंवा एकाच ब्रँडची अट असणार. तो त्यांचा व्यवसाय आहे, त्यात लबाडी काही नाही. फक्त त्याला ‘स्वतंत्र प्रॅक्टिस’ म्हणू नका. करार मोडायचा झाला तर बूथ कोणाचा, पेशंटची माहिती कोणाकडे राहणार, दुसऱ्या कंपनीचं मशीन दुरुस्त करता येईल का, हे तीन प्रश्न सहीच्या आधीचे. त्यापेक्षा सुरुवातीला कमी यंत्रं घेतलेली बरी. ऑडिओमीटर, इम्पीडन्स, ऑटोस्कोप आणि प्रोग्रॅमिंगचं साहित्य एवढ्यावर प्रौढांचं बरंच काम होतं. बेरा नंतर. तोवर लहान मुलं तपासणीसाठी बेरा असलेल्या संस्थेत पाठवा आणि थेरपीसाठी परत घ्या. मुलांच्या बाबतीत वेळ दवडणं मात्र परवडत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ हे त्यात बसत नाही.

गैरसमज : कागदपत्रं सीए बघेल.

जीएसटीपुरतं बघेल. हिअरिंग एडवर जीएसटी शून्य आहे, सुट्या बॅटऱ्यांवर आहे. दुकान नोंदणी, म्हणजे जुन्या भाषेत गुमास्ता, मोजकेच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं. सुटतं ते वेगळंच. १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर ती विकायला, साठवायला एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. हिअरिंग एड हे वैद्यकीय उपकरणच आहे. आणखी एक: अपंगत्वाचं प्रमाणपत्र खासगी क्लिनिक देऊ शकत नाही, ते अधिकृत शासकीय रुग्णालयातूनच मिळतं. ‘मॅडम, तेवढं सर्टिफिकेट द्या ना’ असं म्हणणारे पहिल्याच आठवड्यात येतील.

गैरसमज : आता इअरबडच मशीन झाले, आपला धंदा संपला.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणाच्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय मशीन घेता येतं. सप्टेंबर २०२४मध्ये ॲपलच्या इअरबडमधल्या अशा सुविधेलाही तिथल्या एफडीएने परवानगी दिली. यामुळे फक्त मशीन विकणाऱ्याला घाम फुटायला हवा. कानात मळ आहे की पडद्याला भोक, एका कानाचं ऐकणं का घटलं, तीन वर्षांचं मूल का बोलत नाही, हे इअरबड सांगत नाही.

शेवटी, विद्यार्थी असताना काय करता येतं? बरंच. कर्जाच्या अर्जाला आराखडा लागतोच. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण असे टप्पे आहेत. आधी टप्पा ठरवून मग खर्च फुगवू नका, खर्च मांडून टप्पा शोधा. इंटर्नशिपच्या वर्षात वॉर्डबॉयपासून मोल्ड बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं काम बघून घ्या. ज्या गावात क्लिनिक काढायचंय, तिथल्या बालरोगतज्ज्ञांना, शाळांना, ज्येष्ठ नागरिक संघाला आत्ताच भेटा. गाळ्याचा ॲडव्हान्स आणि पाटीची ऑर्डर मात्र सीआरआर क्रमांक हातात आल्यावरच द्या.