घाम टिपणारं खोगीर

समितीत उगाच नावं वाढवली, दिवाळी अंकात पानं भरायला भलतेच लेख घुसडले, की मराठी माणूस म्हणतो, "नुसती खोगीरभरती!" मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही हा शब्द असाच निकामी गर्दीसाठी दिला आहे. मुळात ही भरती म्हणजे खोगिरात ठासलेल्या चिंध्या आणि लोकर. बाहेरून ती दिसत नाही. पण लांबच्या मजलेत घोड्याची पाठ सोलवटू नये ते तिच्यामुळंच. भाषेनं तिच्यावर अन्याय केला आहे.

खोगीर हा शब्द फारसी. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. घाम टिपून घेतं ते खोगीर. जिनाखालच्या जाड गादीचं हे नाव मराठीत सबंध बैठकीलाच चिकटलं.

हा 'गीर' आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. गिरफ्तार त्याच्याच कुळातला. जहागीर, बारगीर यांच्यात तो आहेच, पण दिलगिरीतही आहे: दुःखानं काळीज धरलं, तो दिलगीर. बारगीर म्हणजे अक्षरशः ओझं घेणारा. मराठी फौजेत मात्र सरकारी घोड्यावर बसणारा स्वार बारगीर ठरला, आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार.

ही शिलेदारी पुढंही टिकली. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या फौजेची छावणी होती आणि तिच्या रिसाल्यात हीच पद्धत चाले. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या रिसाल्यातून आलेल्या डेक्कन हॉर्सनं १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, जर्मनांवर घोडे घातले.

त्या जर्मनांच्या भाषेतही खोगिराचा एक भाऊबंद आहे: 'शाब्राके', म्हणजे खोगिराचं कापड. शब्द मूळचा तुर्की 'चाप्राक', हंगेरीवाटे जर्मनीत पोचलेला. आज तिथं जुनाट, झिजलेल्या वस्तूला शाब्राके म्हणतात, आणि म्हाताऱ्या बाईला हिणवायलाही तोच शब्द वापरतात. पाठ राखणाऱ्या कापडाच्या वाट्याला दोन्ही भाषांत हेटाळणीच आली.

हिंगोलीशेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तिथं गेलात, तर दौडून आलेल्या घोड्याचं खोगीर उतरवताना त्याच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा. ती ओली लागेल.