सोडत संगणकाची, मग फी कशाची?

अमेरिकेत कायमचे राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, गेली तीस वर्षे दरवर्षी हजारो लोकांना सोडतीतून मिळत आला आहे. १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने ही डायव्हर्सिटी व्हिसा योजना आणली आणि १९९५च्या आर्थिक वर्षापासून ती सुरू झाली. ज्या देशांतून अमेरिकेत फार लोक जात नाहीत, तिथल्यांना दार उघडावे हा तिचा हेतू. नेपाळमध्ये तिला नुसते ‘डीभी’ म्हणतात, आणि दसैं-तिहारच्या आगेमागे अर्जांचा महिना आला की सायबर कॅफे आणि फोटो स्टुडिओंमध्ये अर्ज भरून देण्याचे काम जोरात चालते. घानात, इथिओपियातही असे मध्यस्थ आहेत. शिवाय इंटरनेटवर ‘आम्ही तुमचा अर्ज भरतो’ म्हणणाऱ्या कंपन्या आहेतच. साहजिकच लोक त्यांची तुलना करतात : कोण स्वस्त, कोण जुना, कुणाचे जास्त लोक ‘लागले’. माझे म्हणणे असे आहे की यातला शेवटचा निकष पूर्णपणे बाद करावा आणि पहिले दोन मागे ठेवावेत. या सेवांमध्ये तपासण्याजोगी गोष्ट एकच आहे : अर्ज भरल्यावर त्याच्या किल्ल्या कुणाच्या हातात राहतात.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे चांगल्या एजंटकडून अर्ज गेला की निवडीची शक्यता वाढते. अर्जांची मुदत साधारण महिनाभराची असते, बहुधा ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ती संपल्यावर संगणक प्रत्येक प्रदेशातले अर्ज यादृच्छिक क्रमाने लावतो. अर्ज पहिल्या दिवशी आला की शेवटच्या, घरून भरला की कंपनीच्या कार्यालयातून, याला त्या क्रमात स्थान नाही. हे नुसते कागदावरचे आश्वासन नाही, याची कसोटी एकदा जाहीरपणे लागली आहे. २०१२च्या आर्थिक वर्षासाठीच्या, म्हणजे डीव्ही-२०१२च्या, सोडतीचे निकाल १ मे २०११ रोजी लागले आणि सुमारे २२,००० लोकांना आपली निवड झाल्याचे संकेतस्थळावर दिसले. नंतर लक्षात आले की संगणकीय चुकीमुळे निवडलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या दोनच दिवसांत, म्हणजे ५ आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी, अर्ज केलेल्यांपैकी होते. कायद्याला यादृच्छिक निवड हवी आणि ही तशी नव्हती, म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १३ मे रोजी संपूर्ण निकालच रद्द केला आणि १५ जुलैला नव्याने लावला. आनंदात असलेल्या हजारो कुटुंबांवर तो मोठाच आघात होता. काहीजण न्यायालयात गेले, पण खात्याचा निर्णय टिकला. लवकर अर्ज केल्याचा फायदा चुकून मिळाला तर निकाल रद्द होतो, इतकी ही अट कडक आहे. अशा व्यवस्थेत एखादी खासगी कंपनी पैसे घेऊन शक्यता वाढवू शकते असे मानायला काही आधार उरत नाही.

यावर हमखास उत्तर येते : पण त्या कंपनीचे इतके लोक लागले, त्यांचे फोटो आहेत, नावे आहेत. ती नावे खरी असू शकतात, तरी त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. डीव्ही-२०२५साठी जवळपास २ कोटी पात्र अर्ज आले आणि निवडलेल्यांची संख्या, त्यांच्या पती-पत्नी व मुलांसह, सुमारे १ लाख ३१ हजार होती. प्रदेशानुसार प्रमाण बदलते, पण हिशेबासाठी दोनशे अर्जांमागे एक निवड असे धरू. वीस हजार गिऱ्हाइके असलेल्या कंपनीचे शंभर लोक काहीही न करता लागतील. शंभर हसरे चेहरे जाहिरातीला भरपूर झाले. उरलेले १९,९०० चेहरे कुणी छापत नाही. गल्लीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओने पन्नासच अर्ज भरले आणि एकही लागला नाही, तर तो स्टुडिओ वाईट ठरत नाही. त्यामुळे यशाच्या आकड्यावरून दोन सेवांची तुलना करणे म्हणजे कुणाकडे गर्दी जास्त होती एवढेच मोजणे. शिवाय निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असेही नाही. कायद्याने वर्षाला ५५,००० व्हिसा ठरवलेले आहेत, इतर कायद्यांनी त्यांतले काही हजार कापले जातात, आणि एका देशाला एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. बरेचजण मध्येच गळतात म्हणून मुद्दाम जास्त लोक निवडले जातात. ज्याचा क्रम मागे आहे, त्याची मुलाखतीची पाळी आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, आली नाही तर निवड तिथेच संपते. ती पुढच्या वर्षात जात नाही.

मग या सेवा विकतात तरी काय? फॉर्म भरण्याचे श्रम आणि फोटो. या श्रमांना किंमत नाही असे मी म्हणणार नाही. इंग्रजी न येणाऱ्याला, घरी संगणक नसलेल्याला कुणाची तरी मदत लागणारच, आणि चुकलेला अर्ज थेट बाद होतो. फोटो चौकोनी, ६०० बाय ६०० पिक्सेलचा, २४० किलोबाइटच्या आतला, सहा महिन्यांपेक्षा जुना नसलेला आणि चष्म्याविना लागतो. नवरा-बायकोचे किंवा २१ वर्षांखालील एखाद्या अविवाहित मुलाचे नाव राहिले, तर पुढे मुलाखतीत सगळे प्रकरण कोसळते. या चुका टाळून देणारा माणूस उपयोगाचा आहे, हे मान्य. पण हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्याच्या सूचना परराष्ट्र खात्याने फुकट दिलेल्या आहेत, आणि त्याचे मोल अर्ध्या तासाच्या कामाइतकेच असायला हवे. शेकडो डॉलरचे ‘पॅकेज’ घेणारा फॉर्मखेरीज आशाही विकत असतो.

काही पॅकेजे तर उलट नुकसान करतात. ‘एकदा पैसे भरा, आम्ही दरवर्षी आपोआप अर्ज करत राहू’ ही योजना सोयीची वाटते. पण एका माणसाचे एका वर्षी दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद होतात. कंपनीने तुमच्या नावाने अर्ज केला आणि ते विसरून तुम्ही स्वतःही केला, तर पैसे देऊन तुम्ही स्वतःलाच सोडतीबाहेर काढलेत. आपोआप अर्ज करणाऱ्याकडे तुमचा नवा फोटो कुठून येणार, हा दुसरा प्रश्न. गेल्या वर्षीचाच फोटो पुन्हा वापरला की अर्ज अपात्र ठरतो. दरम्यान लग्न झाले, मूल झाले, ते अर्जात आले नाही, तरी तोच परिणाम. दुप्पट संधी हवी असेल तर कायदेशीर वाट एकच आहे आणि ती जवळजवळ फुकट आहे : नवरा आणि बायको दोघेही पात्र असतील तर दोघांनी आपापला स्वतंत्र अर्ज करावा आणि एकमेकांची नावे त्यात घालावीत.

आता किल्ल्यांचा मुद्दा. अर्ज पाठवल्यावर पडद्यावर एक पुष्टी क्रमांक येतो. पुढच्या मे महिन्यात निकाल पाहायचा तो फक्त अधिकृत संकेतस्थळावर, हा क्रमांक टाकून. क्रमांक हरवला तर तो नाव, जन्मतारीख आणि अर्जात दिलेला ईमेल यांच्या आधारे परत मिळवता येतो. एजंटने अर्जात स्वतःचा ईमेल घातला असेल आणि क्रमांकही स्वतःकडेच ठेवला असेल, तर तुमचा निकाल तुमच्या आधी त्याला कळतो आणि त्याने सांगेपर्यंत तुम्हाला कळतच नाही. लुबाडणुकीचे मूळ इथे आहे. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने सप्टेंबर २००७च्या अहवालात या मध्यस्थांच्या धंद्याबद्दल इशारा दिला होता : निवड झालेल्याची माहिती अडकवून जास्तीचे पैसे मागायचे, आणि पैसे नसतील तर पैसेवाल्या अनोळखी व्यक्तीशी कागदोपत्री लग्न लावून तिला ‘जोडीदार’ म्हणून अर्जात घुसवायचे. त्या लग्नाची शिक्षा एजंट भोगत नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचे सिद्ध झाले तर अर्जदारावर अमेरिकेत प्रवेशाची कायमची बंदी येऊ शकते. एका गरीब तरुणाचे आयुष्यभराचे दार अशा रीतीने बंद होते, आणि त्याची सुरुवात एका ईमेल पत्त्यापासून झालेली असते. परराष्ट्र खात्याच्या सूचना म्हणूनच सांगतात की अर्ज शक्यतो स्वतः भरावा, आणि मदत घेतलीच तर अर्ज भरताना स्वतः हजर राहून पुष्टी क्रमांक आपल्याकडे ठेवावा. दोन सेवांची तुलना करायचीच असेल तर विचारावे ते हेच : ईमेल माझा असेल का, फॉर्म माझ्यासमोर भरला जाईल का, क्रमांकाचे पान आत्ताच हातात मिळेल का? तीनही प्रश्नांना ‘हो’ म्हणणारा गल्लीतला सायबर कॅफेवाला, ‘नाही’ म्हणणाऱ्या चकचकीत कंपनीपेक्षा कितीतरी बरा.

अर्ज भरून देणारी संकेतस्थळे सरकारने नेमलेली असतात, हाही सार्वत्रिक समज. गरुडाचे चिन्ह, ध्वज, ‘यूएसए’ हे शब्द यांमुळे तो होतो. म्हाडाच्या सोडतीत आपण कुणीही दलाल नेमलेला नाही असे म्हाडाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अमेरिकी परराष्ट्र खात्यानेही कोणतीही खासगी सेवा नेमलेली नाही. सरकारी भासवून या सोडतीच्या अर्जांचे पैसे घेतल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये खटलाही भरला होता. खरा पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपतो. ‘तुम्ही निवडले गेलात, इतके डॉलर पाठवा’ असा ईमेल आला तर तो खोटा, कारण निवडीची बातमी खाते ईमेलने देतच नाही. सरकारी खर्च थोडा आहे आणि तो वेगळ्या टप्प्यांवर येतो : अर्ज पूर्वी पूर्ण फुकट होता, २०२५च्या नियमाने त्याला एक डॉलर फी लागू केली; ३३० डॉलरची मोठी फी निवड झाल्यावर, मुलाखतीच्या वेळी भरायची असते.

वकिलांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. निवड झाल्यानंतर चांगला वकील खरोखर उपयोगी पडतो. बारावीपर्यंतचे शिक्षण किंवा गेल्या पाच वर्षांत कुशल व्यवसायातला दोन वर्षांचा अनुभव यांपैकी एक सिद्ध करायचे असते, कागदपत्रे वेळेत जुळवायची असतात. जुना गुन्हा, आधी नाकारलेला व्हिसा, घटस्फोट असा गुंता असेल तर सल्ल्याचे पैसे सार्थकी लागतात. पण वकिलालाही सोडतीआधी करण्यासारखे काही नसते. म्हणून सोडतीआधीचा खर्च आणि निवडीनंतरचा खर्च यांची सरमिसळ करून ‘सगळे मिळून इतके’ सांगणाऱ्याकडून हिशेब वेगवेगळा मागावा.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. गेल्या पाच वर्षांत ५०,०००हून जास्त स्थलांतरित अमेरिकेत पाठवणारे देश या सोडतीतून वगळले जातात, आणि भारत त्या यादीत आहे. मात्र यादी नागरिकत्वावर चालत नाही, ती जन्मस्थळावर चालते. गोव्यात जन्मलेल्या माणसाने पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला तरी या सोडतीसाठी तो भारताच्याच खात्यावर मोजला जातो. उलट मस्कतमध्ये किंवा कुवेतमध्ये जन्मलेल्या मराठी मुलाचा पासपोर्ट भारतीय असला तरी त्याचे जन्मस्थळ पात्र ठरू शकते, आणि अशा व्यक्तीशी लग्न झालेल्या भारतात जन्मलेल्या जोडीदारालाही तिच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. मॉरिशसमधल्या मराठी भाषकांना आणि इस्रायलमध्ये जन्मलेल्या बेने इस्रायलींनाही हेच सूत्र लागू पडते. पुण्या-मुंबईत ‘लॉटरी लागली का’ असे विचारतात ती बहुधा एच-१बीची असते. ती नोकरीच्या व्हिसाची, आणि तिची नोंदणी अमेरिकेतला मालकच करू शकतो. स्वतःच्या खिशातून एजंटला पैसे देऊन त्या सोडतीत नाव घालण्याची सोय कायद्यात नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने डायव्हर्सिटी व्हिसा थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये याच योजनेतून आलेल्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये ट्रक हल्ला केल्यानंतरही ही योजना रद्द करण्याची मागणी झाली होती, २०२० मध्ये महामारीच्या काळात व्हिसा अडले होते आणि न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला होता. ती संसदेच्या कायद्याने आलेली असल्याने कायमची रद्द करायची तर संसदेलाच कायदा बदलावा लागेल. पण अशा अनिश्चित काळातच ‘पुढच्या सोडतीसाठी आत्ताच नाव नोंदवा’ हे आमिष जोर धरते. मुदत कधी सुरू होणार हे परराष्ट्र खातेच जाहीर करते आणि त्याआधी तिथे एकही अर्ज स्वीकारला जात नाही. आगाऊ नोंदणीचे पैसे दिले तर नाव फक्त त्या कंपनीच्या वहीत चढते.