काचेच्या ग्लासपासून मांडवापर्यंत

रिकामा काचेचा ग्लास टेबलावर ठेवायचा आणि त्याचा फोटो काढायचा. फोटोग्राफीच्या वर्गात टेबलटॉप शिकवायला घेतलं की हे काम हमखास दिलं जातं आणि पहिल्या प्रयत्नात भल्याभल्यांची तारांबळ उडते. समोरून फ्लॅश मारला की काचेवर पांढरा ठिपका येतो, वर फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंबही. ग्लास कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते, तेही कळत नाही. मग शिक्षक सांगतात की ग्लासवर उजेड पाडूच नका, तो मागच्या पांढऱ्या कागदावर पाडा आणि ग्लासच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. काचेची कड ते पुठ्ठे टिपते आणि ग्लासभोवती बारीक, सलग काळी रेघ उमटते. हे जमलं की सगळं उलटं करायचं. मागे काळं कापड लावायचं आणि दिवे मागच्या बाजूने, डावी-उजवीकडून लावायचे. आता काळोखात ग्लासच्या फक्त कडा उजळून निघतात.

ग्लास तोच, कॅमेरा तोच, लेन्सही तीच. तरी एक फोटो सरबताच्या जाहिरातीत शोभेल आणि दुसरा अत्तराच्या. फोटोग्राफीतल्या वेगवेगळ्या शैली शिकायच्या म्हणजे काय, याचं उत्तर बरंचसं या दोन फोटोंतच आहे. मोबाइलमधल्या फिल्टरमुळे अनेकांचा असा समज झालाय की शैली ही फोटो काढून झाल्यावर वरून चढवायची गोष्ट आहे. वर्गात शिकवतात ते बटण दाबण्याआधीचं: उजेड कुठून घ्यायचा, किती जवळ जायचं, किती वेळ थांबायचं आणि चौकटीबाहेर काय ठेवायचं.

हे वर्गात बसून शिकण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. त्या काळात काचेच्या प्लेटवर रसायन चढवून ती ओली असेपर्यंतच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत रूढ होत होती. साहजिकच शिक्षणाचा बराचसा भार रसायनांवर होता. दादासाहेब फाळके यांनीही जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफीचे धडे घेतले आणि चित्रपटाकडे वळण्याआधी काही काळ फोटोग्राफीवरच पोट भरलं.

जे. जे.मध्ये शिकलेलं आणखी एक नाव म्हणजे होमाई व्यारावाला. विद्यार्थिदशेत त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढले, आणि ते आजही ताजे वाटतात. स्टुडिओत पडद्यासमोर ताठ बसवून फोटो काढण्याचा तो जमाना. होमाईंच्या फोटोंत मात्र मैत्रिणींच्या चेहऱ्यावर ऊन-सावली खेळते आणि कॅमेऱ्याचं दडपण कुठे दिसत नाही. पुढे त्या दिल्लीत वृत्तछायाचित्रकार झाल्या आणि १९४७च्या सत्तांतराचे, नेहरू-माउंटबॅटन यांचे फोटो त्यांनी काढले. मैत्रिणीला थांब म्हणता येतं, पंतप्रधानांना नाही. बातमीचा फोटो काढताना उजेड निवडता येत नाही, फार तर आपण कुठे उभं राहायचं तेवढं ठरवता येतं.

म्हणून बहुतेक अभ्यासक्रम टेबलटॉपपासून सुरू होतात, कारण तिथे सगळं आपल्या हातात असतं. काचेनंतर पाळी येते चकचकीत धातूची. स्टीलचा तांब्या काचेपेक्षाही खट्याळ असतो, कारण त्यात अख्खी खोली दिसते. त्यावर उपाय म्हणून तांब्याभोवती बटर पेपरचा तंबू करायचा, दिवे तंबूच्या बाहेर ठेवायचे आणि लेन्सपुरतं भोक ठेवायचं. भारतातल्या औद्योगिक छायाचित्रणाचं मोठं नाव असलेल्या मित्तर बेदींनी कारखान्यांचे पाइप, टाक्या आणि यंत्रं अशा दिमाखात दाखवली की नव्या स्वतंत्र देशाची उमेद त्यांत दिसावी. अर्थात, तेलशुद्धीकरण कारखान्याला बटर पेपर गुंडाळता येत नाही. तिथे सूर्य कधी कुठे येतो, याचा हिशेब मांडून वाट पाहावी लागते.

व्यक्तिचित्राच्या धड्याला साहित्य फार लागत नाही. एक खिडकी, एक माणूस आणि थर्माकोलची एक शीट पुरते. माणसाला खिडकीशी साधारण पंचेचाळीस अंशांत बसवलं की दूरच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो. रेम्ब्रांटच्या चित्रांतली ही प्रकाशयोजना स्टुडिओवाले अजून त्याच्याच नावाने ओळखतात. अंधाऱ्या बाजूला थर्माकोल जवळ आणला की सावली मवाळ होते, लांब नेला की चेहरा करारी दिसू लागतो. मराठी वाचकांना या शैलीचे उस्ताद माहीत आहेतच. जाहिरात क्षेत्रातून आलेल्या गौतम राजाध्यक्ष यांनी सिनेनट-नट्यांच्या चेहऱ्यांवरचा उजेड असा काही मऊ केला की त्यांच्याकडून फोटो काढून घेणं हाच एक मान ठरला. त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक चाळताना डोळ्यांतली चमक नीट पाहावी. दिवा कुठे होता, ते बुबुळातल्या प्रतिबिंबावरून ओळखता येतं. विद्यार्थ्यांना हा चोरून शिकण्याचा मार्ग मुद्दाम दाखवला जातो.

स्टुडिओच्या बाहेर पडल्यावर खरी पंचाईत होते. पावसाळ्यात सह्याद्रीवर गेलेल्या कुणाचाही अनुभव असा, की डोळ्यांना धुकं शुभ्र दिसतं आणि फोटोत ते मळकट करडं येतं. बिघाड कॅमेऱ्यात नसतो. समोर दिसेल ते सरासरी मधल्या करड्या छटेचं असेल, असं कॅमेऱ्यातलं मीटर गृहीत धरतं. धुकं पांढरं हवं असेल तर एक्स्पोजर हाताने वाढवावं लागतं, काळा कातळ काळाच हवा असेल तर कमी करावं लागतं. हे शिकवण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत, ‘झोन सिस्टीम’, अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये विद्यार्थ्यांसाठी बसवली. मिट्ट काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडायचे आणि समोरची कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर बसवायची, ते आधी ठरवायचं.

ती पद्धत स्वतः अॅडम्सच्या कामी आली १९४१च्या नोव्हेंबरमध्ये. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना दिसलं की चंद्र वर आलाय आणि मावळतीचं ऊन स्मशानातल्या क्रॉसांवर पडलंय. घाईघाईत कॅमेरा मांडला, पण लाइट मीटर काही सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना आकड्यानिशी पाठ होती. तिच्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक्स्पोजर दिलं. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत क्रॉसांवरचं ऊन निघून गेलं होतं. ‘मूनराइज’ हा जगप्रसिद्ध फोटो त्या एका निगेटिव्हवरचा. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवायला हरकत नाही.

अॅडम्सनी १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्समध्ये फोटोग्राफीचा विभाग उभा केला. तिथे मायनर व्हाइट शिकवत आणि डोरोथिया लँग यांनाही शिकवायला बोलावलं जाई. लँग यांचं काम अॅडम्सच्या अगदी उलट्या टोकाचं. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर त्यांनी एका आईचे फोटो काढले. ते सगळे शेजारी शेजारी ठेवले की लांबून तंबू, मग कुटुंब, मग फक्त आई आणि तिला बिलगलेली मुलं, असं लँगचं जवळ जात जाणं दिसतं. वर्गात म्हणूनच एकटा गाजलेला फोटो न दाखवता सगळे मिळून दाखवावेत. पुढे लँगनी त्या गाजलेल्या फोटोच्या निगेटिव्हच्या कोपऱ्यातला एक अंगठा पुसून टाकला. अंगठा लक्ष वेधतो म्हणून तो पुसणं माहितीपटाच्या धर्तीवरच्या छायाचित्रणात बसतं का, यावर तासभर वाद सहज रंगतो. फोटोतल्या बाईंना, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांना, त्या प्रसिद्धीतून काहीच मिळालं नाही आणि उतारवयात त्यांनी ते बोलूनही दाखवलं. हा भाग तंत्राच्या पुस्तकात नसतो, पण रस्त्यावर कॅमेरा घेऊन मुलांना पाठवण्यापूर्वी तो सांगायलाच हवा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं टिपलं. एवढा काळ लोक तुम्हाला आपल्यात राहू देतात, ते निव्वळ चांगल्या लेन्सच्या जोरावर नव्हे.

एकाच शिक्षकाकडे शिकलं की सगळे सारखेच फोटो काढू लागतील, अशी एक शंका पालकही घेतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बर्न्ड बेखर १९७६पासून शिकवत होते. ते आणि पत्नी हिला यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे असे ढगाळ उजेडात, समोरासमोर, एकाच पद्धतीने टिपले आणि ओळीने मांडले. याहून करडी शिस्त सापडणं कठीण. त्यांच्याकडून थॉमस रूफ पासपोर्टसारखे, पण भिंतीएवढे चेहरे काढणारा झाला, कँडिडा ह्योफर रिकाम्या ग्रंथालयांकडे वळली आणि आंद्रेआस गुर्स्कीने ऱ्हाइन नदीच्या फोटोतून मागची इमारतच संगणकावर काढून टाकली. त्या फोटोची एक प्रत २०११ साली ४३ लाख डॉलरना विकली गेली. हा धडा आपल्याकडे बिनखर्चात गिरवता येतो. गावातली वीस तुळशीवृंदावनं किंवा पानटपऱ्या एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून काढून शेजारी लावल्या की एरवी डोळ्यांआड जाणारे फरक ठळक होतात.

अशा अभ्यासक्रमांची एक खोड मात्र खटकते. बहुतेक ठिकाणी लग्नाच्या फोटोंकडे नाक मुरडलं जातं, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली कमाई तिथूनच होते. खरं तर शिकलेलं सगळं एका दिवसात पणाला लावणारं दुसरं काम शोधून सापडायचं नाही. सकाळी नवरीचे दागिने मखमलीवर मांडून काढायचे, तेव्हा काच आणि धातूचा धडा उपयोगी पडतो. मग खिडकीपाशी तिचं व्यक्तिचित्र, आणि थर्माकोल धरायला एखादा मावसभाऊ. वरातीत नाचणारे काका कुणाच्या सूचना ऐकत नसतात, तिथे रस्त्यावरच्या फोटोग्राफीची सवय लागते. मांडवातले पिवळे दिवे आणि व्हिडिओवाल्याचा पांढराफटक प्रकाश एकत्र आले की चेहऱ्याचा रंग सांभाळताना घाम फुटतो. अंतरपाट एकदाच दूर होतो आणि नेमका तेव्हा अक्षता टाकायला मामा मध्ये उभे असतात. मामा कुठून येणार, हे आदल्या दिवशी भटजींना विचारून ठेवणारा विद्यार्थी पहिल्या वर्षातच पुढच्या हंगामाची कामं मिळवून बसतो.