स्वपरिचयपत्र : केलेल्या कामाची लेखी ओळख

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तूप तयार करणारी एक कंपनी स्थापन झाली. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे तिचे नाव. पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ या संक्षिप्त नावाने संगणकाच्या क्षेत्रात उतरली. आज तिचे मुख्यालय बेंगळुरू शहरात सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नेल्ली येथे आहे. एकेकाळी शेते आणि लहान खेडी यांच्यामधून सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता संगणक कंपन्या, शाळा, रुग्णालये, दुकाने आणि उंच निवासी संकुले उभी आहेत. या सर्वांना केवळ अभियंतेच लागतात असे नाही. भांडारपाल, वाहनचालक, हिशेबनीस, परिचारिका, वीजतंत्री, पर्यवेक्षक अशा अनेकांची त्यांना गरज असते. त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येथे येतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही आहेत.

गावात काम मिळते ते बहुधा ओळखीने. अमुक एक मुलगा कोणाचा, त्याच्या हाताला कसब किती, हे चारचौघांना ठाऊक असते. शहरात मात्र माणूस अनोळखी असतो. तेथे माणसाच्या आधी त्याचा कागद पोहोचतो. तो वाचूनच त्याला भेटीस बोलवायचे की नाही, हे ठरते. म्हणून हा कागद कसा लिहावा, हे प्रत्येक अर्जदाराने समजून घेतले पाहिजे.

नाव आणि स्वरूप

या कागदाला मराठीत स्वपरिचयपत्र म्हणतात. व्यवहारात बायोडाटा, रेझ्युमे आणि सीव्ही हे शब्द रूढ आहेत. सीव्ही हे ज्या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे, त्यांचा अर्थ ‘जीवनक्रम’ असा होतो. तर रेझ्युमे या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सारांश’. नोकरीच्या अर्जासाठी यांपैकी दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे. वाचणाऱ्याला अर्जदाराचे संपूर्ण चरित्र नको असते. आपल्याकडील काम या व्यक्तीला जमेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

ही दृष्टी नवी नाही. इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. लिओनार्दो थोर चित्रकार होता. परंतु त्या पत्रात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. आरंभी त्याने हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा आणि भुयारे यांविषयीचे आपले ज्ञान क्रमवार मांडले आहे. युद्धाच्या काळात राज्यकर्त्याला कशाची निकड आहे, हे त्याने ओळखले होते. आपल्याला काय येते, यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे प्रथम पाहावे, हा धडा त्यातून मिळतो.

एक उदाहरण

समजा, सर्जापूर रोडवरील एका शाळेला भांडार-सहायक हवा आहे. जाहिरातीत चार अपेक्षा दिल्या आहेत : दहावी उत्तीर्ण, मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवण्याची सवय, संगणकाचे प्राथमिक ज्ञान आणि कन्नड किंवा हिंदी बोलता येणे. खानदेशातून येथे राहावयास आलेली एक गृहिणी या जागेसाठी अर्ज करू इच्छिते. चार वर्षांपासून ती घरून जेवणाचे डबे पुरविते. मुक्त विद्यालयातून तिने दहावीची परीक्षाही दिली आहे. तरीही ‘तुम्ही काय करता?’ असे कोणी विचारले, की ‘काही नाही, घरीच असते,’ असेच उत्तर ती देते. तिच्या पहिल्या मसुद्यात म्हणूनच एवढेच लिहिलेले आहे :

‘गृहिणी. नोकरीचा अनुभव नाही. कष्टाळू, प्रामाणिक व वक्तशीर.’

या मसुद्यात खोटे काही नाही. पण तिने केलेले कामही त्यात नाही. कष्टाळू आणि प्रामाणिक हे शब्द प्रत्येक अर्जात आढळतात आणि वाचणाऱ्याला त्यांची खात्री करून घेता येत नाही. तीच माहिती पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘घरगुती डबासेवा, सर्जापूर रोड, बेंगळुरू. कालावधी : चार वर्षे, अद्याप चालू.
– दररोज २५ ग्राहकांना दोन वेळचे डबे ठरलेल्या वेळी पोहोचविते.
– किराणा मालाची दर आठवड्याला खरेदी करते. आलेल्या, वापरलेल्या व शिल्लक मालाची नोंद ठेवते.
– ग्राहकांच्या मासिक देयकांचा हिशेब करते. गेल्या वर्षापासून हा हिशेब संगणकावरील तक्त्यात ठेवते.
– एका मदतनिसाच्या कामाचे नियोजन करते.’

या दुसऱ्या मसुद्यात स्वतःच्या गुणांचे एकही विशेषण नाही. तरीही वक्तशीरपणा, हिशेबीपणा आणि जबाबदारीची जाणीव हे तिन्ही गुण त्यातून आपोआप प्रकट होतात. खरेदी करते, नोंद ठेवते, नियोजन करते ही क्रियापदे काम दाखवितात. २५ ग्राहक, चार वर्षे या संख्या त्या कामाचा आवाका दाखवितात. शिवाय जाहिरातीतील दोन अपेक्षांची पूर्तता येथेच होते.

मांडणी

आरंभी नाव, संपर्काचा दूरध्वनी क्रमांक, ई-मेलचा पत्ता आणि राहण्याचे ठिकाण लिहावे. त्याखाली, कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि त्यासाठी आपल्याजवळ काय आहे, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. नंतर कामाचा अनुभव, शिक्षण, अन्य कौशल्ये आणि भाषा असा क्रम ठेवावा. अनुभव लिहिताना सर्वांत अलीकडचे काम आधी यावे. एक पान पुरेसे असते. अनुभव मोठा असल्यास दोन पाने चालतील. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी संगणकामार्फत होते. त्यामुळे नक्षीदार चौकटी टाळून साधी मांडणी करावी आणि जाहिरातीतील शब्द आपल्या बाबतीत खरे असतील तेथे तसेच वापरावेत.

भाषांचा उल्लेख नेमका असावा. ‘मराठी, हिंदी, कन्नड’ एवढ्यावर न थांबता ‘मराठी व हिंदी : बोलणे, वाचणे, लिहिणे, कन्नड : कामापुरते बोलणे’ असे लिहावे. परप्रांतात ही माहिती विशेष उपयुक्त ठरते.

धर्म, जात, आधार क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक हा तपशील स्वपरिचयपत्रात देण्याचे कारण नाही. नोकरी देण्यासाठी कोणी पैशांची मागणी केल्यास तो फसवणुकीचा प्रकार समजावा.

खंड आणि सत्य

शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडला असल्यास तो लपवू नये. ‘या काळात कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी केली नाही’ असे एक वाक्य पुरे होते. विप्रोचे अझीम प्रेमजी यांना वडिलांच्या निधनामुळे १९६६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. ती पदवी त्यांनी तीसहून अधिक वर्षांनी पूर्ण केली. प्रत्येकाची परिस्थिती निराळी असते. पण उशिरा पूर्ण केलेले शिक्षण हे कमी प्रतीचे शिक्षण नव्हे. मुक्त विद्यालयातून परीक्षा दिली असल्यास संस्थेचे पूर्ण नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष निःसंकोच लिहावे.

याउलट, न केलेले काम आणि न मिळविलेले प्रमाणपत्र लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अनेक कंपन्या नेमणुकीच्या आधी किंवा नंतर माहितीची पडताळणी करतात. एक विधान खोटे ठरले, की उरलेल्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडतो. मुलाखतीत प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. ज्या ओळीचे स्पष्टीकरण देता येणार नाही, ती ओळ लिहूच नये.

अतिशयोक्ती हा जसा दोष आहे, तसाच स्वतःच्या कामाला ‘काही नाही’ म्हणणे हाही दोष आहे. शेतमालाचा हिशेब, दुकानावरची विक्री, आजाऱ्याची शुश्रूषा, बचत गटाचे दप्तर या सर्वांत शिस्त आणि कौशल्य लागते. ते जसे आहे तसे, मोजक्या शब्दांत लिहिणे म्हणजेच चांगले स्वपरिचयपत्र लिहिणे होय.

स्वाध्याय

१. गेल्या एका वर्षात घरी, शेतावर किंवा कामाच्या ठिकाणी केलेल्या पाच कामांची यादी करा. प्रत्येक कामासमोर एक क्रियापद व एक संख्या लिहा.
२. वर्तमानपत्रातील नोकरीची एक जाहिरात निवडा. तिच्यातील अपेक्षा अधोरेखित करून त्या जागेसाठी एका पानाचे स्वपरिचयपत्र तयार करा.
३. ‘मी मेहनती आहे’ या वाक्याऐवजी मेहनत दाखविणारी दोन वाक्ये लिहा.